भरतीची खूण मी खालची दाखवली

मंडळी, आज मी एका डबीवर जळलो. हसा खुशाल.

बारा वर्षं जुईनगरला खाडीकाठच्या पंपहाऊसवर आहे. भरतीचं पाणी किती चढलं, ते खांबावर बघून साहेबांना मीच फोनवर सांगतो. आज सकाळी इंजिनीयर मॅडम आल्या, हातात साबणाच्या डबीएवढा सेन्सर. सिम नाही, वायर नाही. एका बॅटरीवर वर्षानुवर्षं चालणार आणि पार लांबच्या इमारतीवरच्या अँटेनाला पाण्याची उंची कळवणार.

सोबत आलेले साहेब माझ्यासमोरच म्हणाले, "चला, आता कोणाला फोन करून विचारायला नको!"

मॅडमनी मला विचारलं, "काका, उधाणाला पाणी कुठपर्यंत येतं? डबी त्याच्या वर लावायचीय."

मी मुद्दाम हातभर खालची खूण दाखवली आणि चहाला गेलो. म्हटलं, पुनवेला बुडू दे.

पण चहा अर्धाच ठेवला. परत आलो आणि खरं सांगून टाकलं. "मॅडम, खोटं बोललो. पाणी अजून वर येतं."

त्या हसल्या. "माहितीय काका. तुमच्या खुणेच्या वरपण खांबाला कालवं चिकटलीत, आणि ही शिंपली भरतीचं पाणी पोचतं तिथवरच वाढतात. माझी आजी याच खाडीत कालवं काढायची."

डबी त्यांनी आधीच वर लावली होती.

खांब वाचता येणारा इथे मी एकटाच, असं वाटायचं मला. डबीवर जळणं सोपं होतं हो, तिला कालवं कळत नाहीत. या पोरीचं काय करू, सांगा.