दोऱ्याचं दुसरं टोक

उमरेडहून एसटी सुटायच्या आधी आईने खिडकीतून लाकडी साचा माझ्या मांडीवर ठेवला. आमच्या घरी दर फाल्गुनात साखरेच्या गाठ्या करून विकायचे, त्यातला तो साचा. शेजारी माझी धाकटी बहीण सुशी बसली होती. मी लग्न होऊन आधीच नागपुरात होते. आता तिलाही कामासाठी घेऊन निघाले होते. आई म्हणाली, "गाठ्या दोघी मिळून करजा वं. एकटीनं दोरा ताठ राहत नाई."

आम्ही दोघी चौथी शिकलेल्या. धरमपेठेतल्या खोलीतून एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या-बाटल्या धुवायला जायचो, रोजंदारीवर. एक जागा पक्की होणार होती. मी तिथे तीन वर्षांपासून होते, म्हणून ती मला मिळेल असं धरून चालले होते.

तिथले साहेब साबणाच्या वडीएवढा पारदर्शक रबराचा तुकडा बनवत. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक नळ्या हव्या होत्या, एका थेंबात तपासणी व्हावी म्हणून. ते एका पट्टीत खाचा पाडायचे आणि वर दुसरी पट्टी चिकटवायचे. दर वेळी तपासायला सोडलेलं लाल पाणी सांध्यातून झिरपायचं. टेबल मी पुसायचे.

त्या फाल्गुनात खोलीवर सुशी साच्यातल्या दोऱ्याची टोकं ताणून बसली होती, मी पाक ओतत होते. माझ्या तोंडून निघालं, "साहेब उगाच जोडत बसतात. दोरा आधी ताणावा, रबर मंग ओतावं. घट्ट झालं का दोरा ओढून घ्यावा. सांधाच नाई, तं गळंल कुठून?"

"मंग सांग ना त्याइले!"

"मले लाज वाटते."

"लाजतच राहजो तू," ती हसली.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. माझे हात साबणात होते. साहेब आधी हसले, मग करून पाहिलं. सुती दोरा आतच चिकटून तुटला. सुशीने माझ्याकडे पाहिलं. मी मासे धरायचा नायलॉनचा दोरा आणला आणि तिच्या हातात दिला. साहेबांच्या हातात द्यायला मला कोणी अडवलं नव्हतं.

तो दोरा सरकन निघाला. मग एकावर एक दोन दोरे ताणले, तर वरच्या नळीतलं लाल पाणी खालच्या नळीतल्या निळ्याच्या वरून गेलं, न मिसळता. पट्ट्या चिकटवून हे कधी जमलं नव्हतं. सगळे तिच्याभोवती जमले. पक्की जागा सुशीला मिळाली.

ही चोरी म्हणता येत नाही. तिने आधी मलाच सांग म्हटलं होतं. तेच जास्त जाळतं. तिचं क्वार्टर, तिचा पंखा, उमरेडला आई बायांना सांगायची ते, "आमची सुशी साहेबाले शिकवते." मी बाजूला पापड लाटत ऐकायचे. साचा तिने मागितला तेव्हा मी म्हटलं, मोडला.

आई गेली, उमरेडचं घर विकलं. यंदा पाडव्याला सुशी बाजारची गाठी घेऊन आली. माझ्या पोरीच्या गळ्यात घालताना म्हणाली, "आईच्या साच्याची सर नाई वं, ताई." साचा तिच्या पाठीमागेच, तांदळाच्या डब्यात होता. मी चहा टाकायला उठले.

ती गेल्यावर दुपारी दार लावून साचा काढला, पाक केला. दोऱ्याची टोकं खिडकीच्या गजाला आणि पाटाच्या पायाला बांधली. पाक पडताच दोरा मधेच लोंबला. गाठ्या वाकड्या निघाल्या. त्यातली एक तोंडात टाकली. चव अगदी उमरेडची होती, आणि ती कोणाला सांगावी, तर सुशीलाच.