धोंडुबाईचे वीस खडे

गावात मला खोली मिळाली नाही. कारण कुणी तोंडावर सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. आमच्या घरानं छप्पन सालीच बौद्ध धर्म घेतला होता, आणि मेढ्याकडून येणाऱ्या नव्या मास्तरची जात माझ्या ट्रंकेच्या आधी गावात पोचली होती. ही एकोणीसशे त्रेसष्टच्या जूनमधली गोष्ट. कवठे महांकाळपासून सहा मैलांवरचं ते कोरडं गाव. दोन दिवस मी शाळेच्या ओसरीवरच मुक्काम ठोकला. तिसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या धनगरवस्तीतली एक बाई काठी टेकत आली.

"मास्तर, माज्या घराला लागून छप्पर हाय. लोकर ठिवती त्यात. रिकामं करती, ऱ्हावा तितं."

ती धोंडुबाई. वय पंचेचाळीसच्या आसपास. लहानपणी तापात डावा पाय वाळला. असल्या पायाची बायको कळपामागं चालणार कशी, म्हणून नवऱ्यानं वर्षाच्या आत माघारी धाडलं. तेव्हापासून ती भावाच्या घरी. दसरा झाला की भाऊ सिद्धू, भावजय भामाबाई आणि सगळी वस्ती मेंढरं घेऊन पश्चिमेला कृष्णाकाठच्या रानात जायची, ती मृगाला परत. आठ महिने वस्तीवर धोंडुबाई आणि तीन-चार म्हातारी माणसं. भुंकायला कुत्रंसुद्धा नसायचं, कारण कुत्रीही कळपाबरोबर जात.

त्या दसऱ्याला सिद्धूची पाच वर्षांची बनू मागं राहिली. आदल्या साली वाटेत ती फार आजारी पडली होती, आणि आता घोड्यावर तिच्या जागी धाकटं पोर बसलं होतं. निघताना सिद्धू मला म्हणाला, "मास्तर, हिला साळंत घ्या. आमी मिरगाला येतो. तवर शंभरापतोर मोजाय शिकली तर ऱ्हाऊ दे आक्काजवळ, शिकू दे पुढं. न्हाई शिकली तर कळपामागं न्हेतो."

कळप वळणाआड गेला. धोंडुबाई बराच वेळ दारात उभी होती. मग म्हणाली, "मास्तर, पोरगी शंभर शिकलीच पायजे. घरात मानसाचा आवाज असला म्हंजे भाकरी गोड लागती वो."

शंभर आकडे म्हणजे काय, दिवाळीपर्यंत उरकतील, असं मला वाटलं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःच्या शिकवण्यावर माझा फार विश्वास होता.

दिवाळी गेली, संक्रांत आली. बनू दहाच्या पुढं सरकेना. एकदा मी तिच्यापुढं बारा चिंचोके मांडले आणि विचारलं, "किती आहेत?" तिनं वाकून एकेक न्याहाळला. "ह्यो फुटका. ह्यो काळा. ह्याला डाग हाय. ह्यो लेकुरवाळा दिसतोय."

"अगं, किती?"

"समदी हायत की!" ती आनंदानं म्हणाली.

वर्ग हसला आणि माझं डोकं फिरलं. पोरगी मठ्ठ आहे असं मी ठरवूनच टाकलं. तिच्या आत्तीला तसं सांगावं म्हणून मी दुपारीच घरी आलो, तर बनू माझ्याआधी पळत येऊन पोचली होती आणि अंगणात दोघींचा खेळ रंगला होता.

ओढ्यातून वेचलेले वीस खडे जमिनीवर मांडलेले. प्रत्येकाला नाव. काळतोंडी, चांदी, खैरी, भुरी, म्हातारी. एक वाकडा खडा होता, त्याचं नाव लंगडी, आणि ते धोंडुबाईनं स्वतःच ठेवलं होतं. बनूनं डोळे मिटायचे, आत्तीनं एक खडा घोंगड्याखाली लपवायचा आणि विचारायचं, "कोण न्हाई?" पोरगी डोळे उघडायची आणि निमिषात सांगायची, "भुरी!" मग आत्तीची पाळी. बनू दर वेळी लंगडीच लपवायची, आणि धोंडुबाई दर वेळी कपाळाला हात लावून, "कोण बरं न्हाई गं बाई?" म्हणत साऱ्या अंगणात शोधायची.

असले खेळ त्या घरात दिवसभर चालत. घोंगड्याखाली हात घालून नुसत्या स्पर्शानं वस्तू ओळखायची. काळी-पांढरी-तांबडी लोकर डोळे मिटून, वासावरून वेगळी करायची. आत्ती कोकरासारखी ओरडायची आणि ते भुकेलं की हरवलेलं, ते पोरीनं सांगायचं.

मी मात्र तणतणलो. "आक्का, तुम्हीच पोरीला बिघडवताय! मोजायला शिकवा, नावं ठेवायला नको."

"मेंढरं मोजू न्हाईत मास्तर, दिष्ट लागती," ती म्हणाली. "वळखावीत. मला येतंय ते मी शिकिवलं. दुसरं काय येतंय मला?" मग माझ्या तोंडाकडं बघून घाबरली. "बरं, ऱ्हायलं. आता खडं काडत न्हाई. पन शंभर झालं पायजेत."

आठ दिवस तिनं खरंच खडे काढले नाहीत. बनू रुसून बसली आणि होते ते दहा आकडेही विसरली. शेवटी नाक मुठीत धरून मीच म्हटलं, आक्का, काढा ते खडे.

उपाय तिनंच शोधला. "हा एक कळप," ती बनूला म्हणाली. "ईस मेंढरांचा. असं पाच कळप म्हंजे मास्तरांचं शंभर." आम्ही ओढ्यावरून आणखी ऐंशी खडे आणले. मी बोट ठेवून आकडा म्हणायचा, बनूनं त्या खड्याला नाव ठेवायचं. चैत्र संपायच्या आत पोरगी शंभरपर्यंत घडाघडा म्हणू लागली. तो उन्हाळा त्या घरात सणासारखा गेला. धोंडुबाई चुलीपुढं बसून स्वतःही पुटपुटायची, तिसाच्या पुढं मात्र तिची गाडी कधी गेली नाही.

मृगाला कळप परतला. सिद्धूनं अंगणातच परीक्षा घेतली. बनूनं शंभर म्हणून दाखवले. सिद्धू खूश झाला. "झालं तर मग. ऱ्हाऊ दे हितंच." धोंडुबाईनं त्या दिवशी गूळ वाटला. मलाही वाटलं, चला, एक काम तरी पार पडलं.

पण पावसाळ्याचे चार महिने कळप दारात होता आणि बनू त्याच्यात. श्रावणात एका संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरत होती. बनू कुंपणावर बसून नुसती बघत होती. शेवटचं मेंढरू आत गेलं आणि ती ओरडली, "आबा, फुटक्या कानाची न्हाई! तिचं कोकरूबी न्हाई!"

दीडशे मेंढरं होती. सिद्धूच्या ध्यानात आलं नव्हतं, भामाबाईच्याही नाही. शोधायला गेले तर ओढ्याच्या काठावर मेंढी घाणेरीच्या जाळीत अडकलेली आणि शेजारी कोकरू उभं. मेंढी खांद्यावर घालून सिद्धू आला आणि लेकीकडं बघतच राहिला. "असली नजर माज्या आज्याची व्हती," तो म्हणाला. "कुणी शिकिवलं गं तुला?"

"आत्तीनं," बनू म्हणाली.

धोंडुबाई चुलीशी होती. तिचा हात भाकरीवर तसाच थांबला. पुढं काय होणार हे तिला त्याच घटकेला कळलं असावं. मला कळायला दसरा उजाडला. सिद्धू बनूला कळपाबरोबर न्यायला निघाला होता.

मी सिद्धूशी भांडलो. शब्द दिला होतास, म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "दिला व्हता मास्तर. पन तिलाच इचारा की." बनू घोड्याला बिलगून उभी होती. "मी जानार," ती म्हणाली. मग आत्तीकडं बघून, "मिरगाला येतो की आमी."

धोंडुबाईनं तिच्या केसांना तेल लावलं, फडक्यात भाकरी बांधून दिली. रडली नाही. कळप गेल्यावर तिनं अंगणात पहिल्या विसातले खडे मांडले. मी सवयीनं मोजले. "एकोणीस. एक कमी आहे."

"लंगडी न्हेली पोरीनं," ती मोजल्याशिवाय म्हणाली.

"मी ओढ्यातून दुसरा आणून देतो."

"नगं. तिची जागा तशीच ऱ्हाऊ दे."

त्या आठ महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती लोकर कातायची, मी वह्या तपासायचो, मधे कुडाची भिंत. खेळ न येणाऱ्या माझ्या हातांचा मला तेव्हा फार राग यायचा. एकदा मी म्हटलं, आक्का, मी डोळे मिटतो, लपवा. तिनं एक खडा लपवला. मला ओळखता आला नाही. तिनं परत कधी लपवला नाही.

पुढच्या मृगाला बनू आली ती वीतभर वाढून, उन्हानं काळी होऊन, कमरेला गोफण खोवून. अंगणातले खडे बघून हसली. "आत्ती, अजून खडंच? माज्याकडं खरी मेंढरं हायत आता."

"लंगडी कुठाय?" धोंडुबाईनं विचारलं.

"ती व्हय? लांडगा आला व्हता पलूसच्या पल्याड. हाताला दुसरं काय लागंना, तीच गोफणीत घातली आन् दिली भिरकावून. लागली नीट. लांडगा पळाला. खडा काय घावला न्हाई. नदीच व्हती फुडं." एवढं सांगून बनू वाड्याकडं पळाली, कारण कोकरं ओरडत होती.

धोंडुबाईनं लंगडीच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. मग हसली. "मास्तर, लंगडी पार कृष्णंत गेली बगा!" आणि लगेच, "पलूस किती लांब हाय?"

"असेल चाळीसेक मैल."

"चाळीस म्हंजे किती? मांडून दावा."

जन्मात तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं काही मोजून मागितलं होतं. मी मैलाला एक असे चाळीस खडे तिच्या उंबऱ्यापासून ओळीनं मांडत गेलो. दोन खड्यांत एकेक पाऊल धरलं, तर ओळ कुंपणाजवळच्या बाभळीपाशी संपली. धोंडुबाई काठी टेकत, पाय ओढत, एकेका खड्याशी थांबत गेली. वीस झाले तेव्हा तिनं वळून घराकडं पाहिलं. चाळिसाव्याला येऊन विचारलं, "हितं?"

"इथं."

ती तिथंच, बाभळीखाली बसली. मी शाळेला गेलो. संध्याकाळी परत आलो तर वाड्याकडून बनूचा आवाज येत होता, मेंढरांना नावानं हाका मारत. धोंडुबाई अजून चाळिसाव्या खड्याजवळच बसलेली होती.