कटिंग मशीनवरचं नारळाचं पाणी

यवतमाळातल्या एका छापखान्यात मी कटिंग मशीनवर होतो. मशीन हातचाकाची. वर पातं, खाली कागदाचा गठ्ठा. चाक फिरवलं का पातं उतरे अन् कागद लोण्यासारखा कापे. पण तिले सांभाळा लागे, बापा. दर शनिवारी काम आटोपलं का मी तिच्यापाशी बसो. खाचांतला कागदाचा भुसा काढायचा, जुनं तेल घासलेटनं पुसायचं, नवं द्यायचं. पात्याची धार टेकाले खाली एक लाकडाची पट्टी राह्यते, ती झिजली का पालटायची. लोक चिडवत, काय बे, बायकोपेक्षा हिचेच लाड जास्त! मी म्हनो, बायको रुसली तर माहेरी जाते, ही रुसली तर मलेच घरी बसवते.

खंडेनवमीले छापखान्यातल्या साऱ्या मशीनींची पूजा होये. जो मशीन चालवते त्यानंच तिची पूजा करायची, असा रिवाज. हळद-कुंकू, चाकाले झेंडूचा हार, अन् नारळ थेट मशीनच्या लोखंडी पाटावर फोडायचा. मीही करत होतो. पूजा झाली रे झाली का पाणी पुसायचं, हार उतरवायचा, पट्टी काढून उन्हात ठेवायची, कुंकू झाडून तेल द्यायचं. हे सारं मी एका दमात करो. म्हणून ही दोन कामं हायेत असं कोणाले वाटलंच नाही. मलेही नाही.

मंग छप्पन साल आलं. आमच्या साऱ्या वस्तीनं बुद्ध धर्म घेतला, घरातले देव घराबाहेर गेले. पुढच्या खंडेनवमीले मी मालकाले सांगतलं, "मालक, मशीन पुसतो, तेल देतो, पूजा मात्र नाही करत." मालक काही वाईट माणूस नव्हता. माह्या बापाच्या आजारपणात त्यानं डॉक्टर घरी आणलता. तो म्हनला, "ठीक हाय. पण मंग आज मशीनले हातही लावू नको. दसरा झाला का ये."

पूजा ट्रेडलवाल्यानं केली. ट्रेडल म्हंजे पायानं चालवायची छपाईची मशीन. तो माहा जोडीदार, दारव्ह्याकडचा. दुपारी आमची भाकर एकाच फडक्यावर सुटे. त्यानं मनोभावे पूजा केली, नारळ फोडला, प्रसाद वाटला, अन् छापखान्याले कुलूप लागलं.

दसरा झाल्यावर मी कामावर गेलो, तं मालकानं मले आधी स्टेशनावर कागदाचे गठ्ठे आणाले धाडलं. इकडं शाळेच्या वह्या कापायची घाई, म्हणून ट्रेडलवाल्यालेच चाकावर उभं केलं. मी परत आलो तवा मशीन बंद पडेल होती. पट्टी पाणी पिऊन फुगली होती. खाचांत कुंकवाचा चिखल अन् तांबेरा. हाराचा दोरा दातेरी चाकात गुंडाळला होता. पातं अडलं तसा त्यानं जोर लावला, अन् चाकाचे दात मोडले.

"तूनं हात आखडला, मशीन रुसली," मालक म्हनला.

"मालक, आत पाणी गेलं."

"म्हंजे नारळ फोडला थे चुकलं?"

"नाही. पुसलं नाही, थे चुकलं."

"पुसणं कोणाचं काम?"

"माहं."

"मंग झालं तं!"

तुमीच हात लावू नको म्हनलं, हे माह्या तोंडाशी आलतं. बाहेर नाही निघालं. ट्रेडलवाला तिकडं शिशाचे टाइप धुऊन राह्यलता. त्यानं मान वर केली नाही.

"आता आधी मशीन सुरू कर," मालक म्हनला. "तुह्यं काय करायचं थे मंग पाहू."

घरी बायकोले मी सांगतलं, मशीन सुरू झाली तर नोकरी राह्यीन. तेच धरून बसलो. लेथवाल्याच्या दारात उभं राहून नवं चाक करून घेतलं. मशीन सारी खोलली, खाचा घासल्या, नवी पट्टी तासून बसवली. जेवलो का नाही, आठवत नाही. चाक बसवलं अन् गठ्ठा कापून पाह्यला. मालकानं कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"झकास," तो म्हनला. मंग बोट धोतराले पुसलं. "उद्यापासून नको येऊ. लोक बोलून राह्यले. मशीन आता हा पाहीन."

हा म्हंजे ट्रेडलवाला. पाणी माह्या हातून सांडलं, एवढं तो म्हनू शकत होता. त्याच्याही घरी लेकरं होती. मले त्याचा राग याले पाह्यजे होता, अन् नाही आला. रडूही नाही आलं. अंगात काही उरलंच नव्हतं. तेल कुठं कुठं द्यायचं थे मी त्याले दाखवलं. तो हो हो म्हनत राह्यला. मंग मी हात धुतले अन् बाजारातून घरी आलो.

बायको पीठ मळून राह्यलती.

"आज लवकर काहून आले? मशीन सुरू नाही झाली काय?"

"झाली."

"मंग?"

"सुरू झाली, म्हणूनच आलो."