मावशीची साक्ष चालत नाही

अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी मंडळात दरवर्षी एक जूनला केक येतो. केक एक आणि वाढदिवसवाले सात. सातही जण साठीच्या अलीकडे-पलीकडे, सातही जण गावाकडच्या शाळेत शिकलेले, आणि सातही जणांच्या आया म्हणे एकाच तारखेला बाळंत झाल्या! इथे वाढलेली पोरं विचारतात, हाऊ कम? मग एखादे काका समजावतात की बाळा, तेव्हा शाळा जूनमध्ये उघडायची, नाव घालायला गेलं की हेडमास्तर तारीख ठोकून द्यायचे, आणि माणसाने तेव्हापासून जन्म घ्यायचा. सगळे हसतात, केक संपतो. या सातांत सुरीला हात लावायला सर्वांत पुढे असायचे चंद्रशेखर वाळिंबे. आणि हाच गृहस्थ दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून लिहायचा की अमुक खेड्यातल्या चार मुलांची जन्मतारीख एकच आहे, सबब प्रकरण संशयास्पद. बोला आता!

शेखरचा मूळ धंदा कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कारखान्यात खोट काढण्याचा. आरशासारख्या चकत्यांवर केसाएवढा ओरखडा दिसला की चकती बाद. जन्म त्यात गेला. रिटायर झाल्यावर तीच नजर स्वयंपाकघराकडे वळली. पोळीचा काठ जाड, आमटीला फोडणी कमी, डबे नीट लावलेले नाहीत. बायकोने, कांचनने, महिनाभर सोसलं आणि मग स्वच्छ सांगून टाकलं की तू घराबाहेर काहीतरी शोध, नाहीतर मी शोधते.

इथे फिनिक्सच्या आसपास वसंतात बेसबॉलचे क्लब सरावाला येऊन उतरतात. त्यातल्या एका क्लबाला कागद तपासणारा माणूस हवा होता. शेखरला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू मारून माणूस धावतो आणि तरी रन का धरत नाहीत, इथेच त्याची गाडी अडायची. पण काम वेगळं होतं. हे क्लब कॅरिबियन बेटांवर जाऊन पोरं हेरतात. सोळा पूर्ण झाली की करार करता येतो. आता सोळाचा पोरगा तोफगोळ्यासारखा चेंडू फेकत असेल तर तो हिरा. तोच पोरगा एकोणीसचा निघाला तर गारगोटी, कारण एकोणिसाव्या वर्षी तसे फेकणारे ढिगाने सापडतात. मग कुणाचा मामा, कुणाचा मास्तर, कुणाचा एजंट पोराची दोन-तीन वर्षं गिळून टाकतो. अशी गिळलेली वर्षं पोटातून बाहेर काढणं, ही शेखरची नोकरी.

आणि काढायचा हो! वयचोर पकडावा तर वाळिंब्यांनी. फोनवरच्या ॲपवर घोकलेलं मोडकंतोडकं स्पॅनिश, नाकावर चष्मा आणि मनात ठाम खात्री की समोरचा खोटंच बोलतोय. त्याचा बॉस डग याच्यावर बेहद्द खूश. त्याने शेखरकडून तपासणीचे नियमच लिहून घेतले. त्यातला शेखरचा लाडका नियम असा, की नातेवाइकांची आठवण पुरावा धरू नये, विशेषतः आई, आजी आणि मावशी. मंडळात तो हे अगदी रंगवून सांगायचा. म्हणायचा, यार, जगात कुठेही जा, मावशी भाच्यासाठी काय वाट्टेल ते बोलते.

गेल्या वर्षी त्याच्याकडे योएल नावाच्या पोराचं प्रकरण आलं. डोमिनिकन रिपब्लिकमधलं खेडं, बाप नाही, पोराच्या हातात विलक्षण जोर. कागदावर नुकतीच सोळा पूर्ण. क्लबाने बोली लावलेली, घरच्यांनी गावाला जेवण घातलेलं. शेखरने पोराच्या मोठ्या भावाचा दाखला मागवला आणि खुर्चीत ताठ झाला. दोन भावांत अंतर अवघं पाच महिन्यांचं! एकाच आईची दोन पोरं पाच महिन्यांच्या अंतराने? पोराच्या मावशीने फोन करून सांगितलं की थोरल्याची नोंद आम्ही फार उशिरा केली, कारकुनाने मनाला येईल ती तारीख लिहिली, धाकट्याची मात्र खरी आहे. शेखरने तिला पुढे बोलूच दिलं नाही. रिपोर्टात लिहिलं की एक कागद नक्की खोटा, कोणता ते ठरवता येत नाही, वयाबद्दल गंभीर शंका. करार थांबला. शेखर घरी येऊन तृप्त मनाने जेवला.

आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या सरकारचं पत्र आलं.

पत्र शैलाताईबद्दल होतं. शैला त्याची थोरली बहीण, सांगलीला राहणारी. आई लवकर गेली, तेव्हा याच्या वेणीफणीचं नसलं तरी शेंबूड पुसण्यापासूनचं सगळं तिनेच केलं. वीस वर्षांपूर्वी शेखरने तिच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज भरला होता. अर्ज रांगेत, ताई सांगलीत. मधल्या काळात तिचे यजमान गेले, घर खायला उठू लागलं, पण ती दर रविवारी फोनवर विचारायची, आला का रे नंबर? आता नंबर आला होता. खालची खोली कांचनने तयारसुद्धा केली होती. आणि सरकार विचारत होतं की अर्जदार आणि त्याची बहीण एकाच आईची मुलं असल्याचं म्हणता, तर बहिणीचा जन्म जानेवारीतला आणि भावाचा त्याच वर्षीच्या जूनमधला, हे कसं? समाधानकारक पुरावा द्या, नाहीतर अर्ज नामंजूर.

शेखरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ते पत्र तीन वेळा वाचलं. भाषासुद्धा ओळखीची वाटली, कारण अशी वाक्यं तो स्वतःच लिहायचा.

झालं होतं ते असं. त्या साली गावच्या शाळेत पहिलीचा पट एका पोराने कमी पडत होता. पट भरला नाही तर एका मास्तरची बदली ठरलेली. शैला सहा वर्षांची, ती रीतसर दाखल झाली. तिचा हात धरून आलेला हा शेंबडा, धड पाच वर्षांचाही नसलेला, हेडमास्तरांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याचं नाव घातलं, वय सहा पूर्ण दाखवलं, एक जून लिहून टाकलं आणि मास्तर वाचवला. मागच्याच ओळीत बहिणीची तारीख त्यांच्याच अक्षरात होती, पण मागची ओळ बघतंय कोण! भाऊ-बहीण एकाच वर्गात बसले, एकदमच मॅट्रिक झाले, आणि पुढे साठ वर्षं कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. पासपोर्ट, लग्न, नोकरी, अमेरिका, सगळं त्या एक जूनवर उभं.

वकीलबाई इशिता तरुण पण पक्की होती. तिने विचारलं की खरा जन्म कधीचा, त्याची रुग्णालयात नोंद? नाही, घरी झाला. आई-वडील? गेले. मग तेव्हाचं प्रत्यक्ष आठवणारं कुणी जिवंत आहे का? शेखरने मान खाली घातली आणि म्हणाला,

"एक मावशी आहे."

"परफेक्ट," इशिता म्हणाली. "मावशीचं प्रतिज्ञापत्र चालतं. कागद नसला तर ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचं ऐकायचं, असा नियमच आहे."

शेखरला कुणी भर बाजारात कानशिलात दिल्यासारखं झालं. अख्खं सरकार मावशीवर विश्वास ठेवायला तयार, आणि हा नव्हता.

मिरजेच्या मालिनीमावशी पंच्याऐंशीच्या पुढच्या. ऐकू कमी येतं, बाकी सगळं शाबूत. व्हिडिओ कॉलवर आधी त्यांनी शेखर किती सुटलाय त्याची हजेरी घेतली, मग कांचन नीट खायला घालते म्हणून तिचं कौतुक केलं, आणि मग मुद्द्यावर आल्या. शैला झाली तेव्हा त्या लग्नाच्या होत्या, सांगलीच्या दवाखान्यात बहिणीसोबत त्याच होत्या. आणि हा झाला तो त्याच्या पुढच्या वर्षीच्या दिवाळीत, घरात, सुईणीच्या हातून. डिंकाचे लाडू त्यांनीच वळले होते. इशिताने मधेच विचारलं की हे इतकं नक्की कसं आठवतं?

मावशी हसल्या. "अगं बाई, पाळण्याची दोरी शैला ओढत होती की. पाळणा उलटा केलान एकदा, हा खाली. बघ, भुवईवर खोक असेल अजून. पाच महिन्यांची पोर काय पाळणा ओढते?"

शेखरचा हात आपोआप भुवईकडे गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलंही नाही.

मावशींनी सही केली. शेखरलाही लिहून द्यावं लागलं की माझी जन्मतारीख शाळेने ठरवली आहे. म्हणजे सरकारदरबारी पासष्ट झालेला, त्या जोरावर म्हाताऱ्यांची सवलत घेऊन सिनेमे पाहणारा हा माणूस प्रत्यक्षात चौसष्टचाही नव्हता. मंडळात बातमी फुटली. उरलेल्या सहांनी त्याला केकमधून बाद केलं.

पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही, ती केकमुळे नव्हे. सकाळी ऑफिसात जाऊन त्याने पहिला फोन योएलच्या मावशीला लावला. आपलं मोडकं स्पॅनिश गोळा करून विचारलं की धाकटा झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात? ती म्हणाली, दवाखान्यात. भेटायला? नाही, बाळंतीण म्हणून. तिची मुलगी आणि योएल एकाच आठवड्यात जन्मले. बहीण आजारी पडली, तेव्हा दोन्ही पोरांना हिनेच पाजलं. मुलीची नोंद शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आहे, हवी तर काढून घ्या. मग हे आधी का सांगितलं नाही, असं शेखरने विचारलं, आणि विचारताक्षणी त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिने तो आधीचा फोन, आपलं अर्धवट राहिलेलं वाक्य आणि त्याने ते कुठे तोडलं होतं ते सगळं ऐकवलं.

शेखरने मुलीची नोंद मागवली. ती मिळाली, तारीख जुळली, पोरगा खरोखर सोळाचा होता. त्याने नवा रिपोर्ट लिहिला, आपली चूक झाली असं ठसठशीत लिहिलं, आणि डगसमोर ठेवला.

डगने तो वाचला आणि खुशीत मान हलवली. म्हणाला की हे फारच छान, पण पोराचा करार तर गेल्याच आठवड्यात झाला. शेखरचा पहिला रिपोर्ट दाखवून क्लबाने बोली निम्म्यावर आणली होती. शंका असलेल्या पोराला दुसरं कोण घेणार? घरच्यांनी रडत सही केली.

"मग आता उरलेले पैसे द्या," शेखर म्हणाला.

डग समजुतीच्या सुरात म्हणाला, "चंद्रा, आम्हाला तुझ्याकडून वय नको असतं. शंका हवी असते. वय काय, आमच्या माणसांना ठाऊकच होतं."

आणि पुढच्या वर्षासाठी पगार वाढवून नवं काम देऊ केलं. शेखरने विचार करून सांगतो म्हटलं. सरळ नाही म्हणायला त्याला आणखी दोन दिवस लागले, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं. कांचनने मात्र ते ऐकल्यावर त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही.

मावशींचं प्रतिज्ञापत्र सरकारने मानलं. हिवाळ्यात शैलाताई फिनिक्सला उतरली, अंगावर शाल, पिशवीत मेतकूट आणि कुळथाचं पीठ. इथे हिवाळ्यातही ऊन पडतं म्हणून ती हरखून गेली. खालच्या खोलीत तिने आपला देव मांडला, अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला हात लावून पाहिला. शेखर तिच्या मागेमागे लहान पोरासारखा फिरत होता.

पहिल्याच दिवशी जेवताना तिने विचारलं की त्या बेसबॉलवाल्यांकडे तू नेमकं करत होतास तरी काय? शेखरने सगळं सांगितलं. योएल सांगितला, पाच महिन्यांचं अंतर सांगितलं, डग सांगितला, नोकरी सोडली तेही सांगितलं. शेवटी मी खरं तेच लिहिलं, असं दोनदा म्हणाला. ताई घास तसाच धरून ऐकत होती.

"त्याच्या मावशीला विचारलंस ना मग तू?"

"विचारलं की."

"कधी?"

शेखरने पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"तुझ्या अर्जाचं पत्र आल्यावर."

कांचनने ताईच्या पानात आणखी भात वाढायला हात पुढे केला, तर तिने पानावर हात आडवा धरला.