कोरा चौकोन

चूक माझी होती. आधीच सांगून टाकतो, कारण बाकी कुणी सांगणार नाही.

सोळा वर्षांखालच्या मुलांची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा आमच्या स्टेडियमवर भरली, आणि मी तिच्या कार्यालयात हंगामी कारकून लागलो. संघांच्या सरावाचं वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे. मैदानाचा तक्ता अवजारांच्या खोलीच्या दाराला लटकलेला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवसाचा चौकोन मला कोरा दिसला. म्हटलं, वा, मोकळंच आहे की! दिले दोन संघ कोंबून.

आता मैदान राखणाऱ्या फक्कीकाकांच्या तक्त्यात कोरा चौकोन म्हणजे मैदानाची विश्रांती. भरपूर पाणी पाजलं की दुसऱ्या दिवशी गवतावर पाय पडू द्यायचा नाही, आणि तक्त्यात काही लिहायचंही नाही, ही त्यांची बावीस वर्षांची रीत. "झोपलेल्याच्या अंगावर कुणी लिहितं का?" असं ते म्हणायचे. मी विचारलंच नव्हतं. शिकलेला माणूस ना मी!

रेघांची पांढरी फक्की मारून मारून काकांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. काकू म्हणायच्या, "घरातल्या दोन कुंड्या वाळून कोळ झाल्या, आणि हे तिकडे सगळ्या मैदानाला पाणी पाजतात."

तर ओल्या गवतावर चाळीस पोरं खिळ्यांचे बूट घालून तासभर नाचली. एका गोलसमोर म्हशी लोळून गेल्यासारखा चिखल.

स्टेडियमचे सेक्रेटरीसाहेब आले ते थेट काकांवर. "हे गवत ठेवलंय? पाहुण्यांसमोर नाक कापलंस!"

मी म्हणालो, "साहेब, वेळापत्रक मी लावलं होतं."

"त्यावर सही कुणाची?"

"तुमची."

"मग गप्प बस."

काकांच्या गळ्यातला पास त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. "आज हे निस्तर. उद्या इथे दिसायचं नाहीस."

काका एवढंच म्हणाले, "पास काढला, खुरपं नाही काढलं." मग प्रेक्षकगॅलरीमागच्या गवताचे चौकोन कापून आणले, चिखलावर एकाला एक भिडवून बसवले, तळव्यांनी थोपटले. दुपार उलटेपर्यंत माणूस गुडघ्यांवर. आणि साहेब? मंडपात फेट्यांचा रंग पसंत करत होते.

त्याच दुपारी साहेबांनी मला जाहिरातीचा फलक बांधायला पिटाळलं. अवजारांच्या खोलीत दोरीचा गुंडा सापडला. कापली आणि बांधला.

सामन्याच्या सकाळी परदेशी पंच मैदान तपासायला आले. नव्या गवतावर पेनल्टीची चौकट नव्हतीच. "रेघा?" त्यांनी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फाटकाकडे धावलो. काका बाहेरच उभे होते, जणू त्यांना माहीतच होतं.

आत येताच ते खोलीत शिरले आणि रिकाम्या हाताने बाहेर आले. "माझी दोरी?"

मी फलकाकडे बोट दाखवलं.

एकेका मापाला गाठ मारलेली दोरी होती ती. पेनल्टीच्या ठिपक्याची गाठ, चौकटीची गाठ. बावीस वर्षं एकही गाठ सरकली नव्हती, आणि मी तिचे सात तुकडे केले होते.

"गाढवा," ते शांतपणे म्हणाले, "आता सुताराची टेप तरी आण."

त्यांनी चौकट आखली. पंचांनी दोनदा मोजली आणि काकांशी हात मिळवला. साहेब शेजारी उभे राहून हसत होते, जणू वाकून तेच आखत होते. पंचांची पाठ वळताच म्हणाले, "याला मागच्या दाराने काढा."

मी माझा पास पुढे केला. काकांनी तो परत माझ्या गळ्यात घातला. "यावर तुझं थोबाड आहे. मैदानावर मी माझ्या तोंडानं उभा राहतो."

अंतिम सामना त्यांनी भिंतीबाहेरून, आरोळ्यांवरून पाहिला. आभाराच्या भाषणात बँडवाले आले, बर्फवाले आले, फलकवाले तर दोनदा आले. ज्या गवतावर उभं राहून आभार चालले होते, ते काही आपोआप उगवत नाही, हे कुणाला आठवलं नाही. सगळी चूक मी लिहून दिली होती. ते पत्र साहेबांच्या खणात गेलं आणि काकांची बदली तरणतलावावर झाली. गवत ओळखणाऱ्या माणसाला फरशी पुसायला बसवलं!

नव्या दोरीला गाठी मारून मी दोनदा तिथे गेलो. त्यांनी टेप लावली. पहिल्यांदा गाठ बोटभर चुकली, दुसऱ्यांदा अर्धं बोट.

"सोड आणि परत मार," ते म्हणाले. "तोवर माझी दोरी तुझ्याकडे बाकी."

गुंडा माझ्या टेबलावर आहे. आज पुन्हा बसलोय मोजायला.