पहिला हात

ती ज्या कंपनीत काम करते, ती कंपनी स्वतः एक वीटही रचत नाही. ती बांधून घेते. पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, बॅडमिंटनचे हॉल, वस्त्यांची सभागृहं. नकाशे कोण काढणार, ठेकेदार कोण, काँक्रीट कधी ओतायचं, लाकडी फरशी कधी बसवायची, इथपासून फीत कोण कापणार इथपर्यंत सगळं आखायचं आणि करून घ्यायचं. ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या असतात. तिच्या टेबलावर मात्र बिस्किटांचे पुडे आणि कागदी पेल्यांची चवड. कारण तिचं काम माणसांचं. बांधकाम सुरू व्हायच्या आधी वस्तीत जायचं, लोकांची बैठक घ्यायची आणि जुनं पाडायला त्यांचा होकार आणायचा. तिला सगळे ताई म्हणतात. वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा.

होकार आणायची तिची एक रीत होती. बैठकीच्या आधी आठवडाभर ती वस्तीत नुसती हिंडायची. दुकानाच्या पायरीवर बस, दवाखान्याच्या रांगेत उभी राहा, असं करत एकच माणूस शोधायची. ज्याच्या शब्दाला वजन आहे, पण जो पुढारी नाही. पुढाऱ्याने हात वर केला की लोक आपापला खिसा चाचपून बघतात. साध्या माणसाचं तसं नसतं. असा माणूस सापडला की त्याला सगळं समजावून सांगायचं आणि बैठकीत पुढच्या रांगेत बसवायचं. मग ‘कोण कोण तयार आहे?’ म्हणून विचारलं, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. तेवढ्यात त्या माणसाचा हात वर गेला की निम्मं काम झालं. बाकीचे हात मागोमाग येतात. कंपनीत याला ‘पहिला हात’ म्हणत. नवीन काम आलं की साहेबांचा पहिला प्रश्न तोच. “ताई, पहिला हात सापडला का?”

ती लोकांना फसवत होती, असं मात्र कोणी म्हणू नये. जे सांगायची ते तिला स्वतःला पटलेलं असायचं. तिने आणलेल्या होकारावर उभ्या राहिलेल्या तलावांत पोरं धबाधब उड्या मारताना तिने डोळ्यांनी पाहिली होती. तिला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि अभिमान असावा असंच ते काम होतं.

मग तिच्या स्वतःच्या वस्तीचं काम आलं.

जिथे ती लहानाची मोठी झाली, जिथे तिची आई अजून एकटी राहत होती, तिथला जुना हॉल पाडून तलाव, व्यायामशाळा आणि नवं सभागृह बांधायचं होतं. जुना हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पोपडे निघालेल्या भिंती आणि एक पाय मोडका असलेलं टेबल टेनिसचं टेबल. त्या टेबलावर टेनिस कोणी खेळल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पण रोज दुपारी त्याच्याभोवती वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका जमत. कोणी भाजी निवडे, कोणी विणे, आणि सगळ्या मिळून अख्ख्या वस्तीची सालं काढत. त्या घोळक्याच्या मध्यभागी तिची आई.

आईने जन्मभर शिवणकाम केलं. तिथल्या प्रत्येक बाईच्या कंबरेचं माप तिला तोंडपाठ होतं, आणि एकीचं माप तिने कधी दुसरीला सांगितलं नाही. एवढ्यावरच लोक तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. म्हणजे त्या वस्तीतला पहिला हात शोधायला आठवडाभर हिंडायची गरजच नव्हती. साहेबांनी विचारलं तेव्हा तिने हातातला कागदी पेला चवडीवर ठेवला. मग म्हणाली, “आहे एक.”

तिने आईसमोर नकाशा पसरला. आईने चष्मा पुसून तो नीट पाहिला. तलाव पाहिला, व्यायामशाळा पाहिली, आणि मग एकच गोष्ट विचारली.

“आम्ही दुपारी कुठं बसायचं?”

“ही बघ. दारातून आत आलं की उजव्या हाताला. तळमजल्यावरच आहे, जिना नाही. मोठी खिडकी आहे. ही खोली खास तुमचीच.”

“नक्की ना? नाहीतर या सगळ्याजणी माझ्या नावानं बोंब मारतील.”

“नक्की गं आई. मी आहे ना तिथं.”

बैठक जुन्या हॉलमध्येच झाली. सगळ्यात आधी पोस्टातल्या काकू उठल्या. त्या आईच्या जिवलग मैत्रीण. जन्म पोस्टाच्या खिडकीमागे गेल्यामुळे कोणाशीही जाळीतून बोलल्यासारख्या तुटक बोलत. “आम्ही आहोत तिथं बऱ्या आहोत,” त्या म्हणाल्या. “छप्पर गळतंय ते बुजवा. बाकी काही नको.” हॉलभर माना डोलल्या. काम हातचं जातंय असं वाटायला लागलं. तेवढ्यात पुढच्या रांगेत आईने हात वर केला. मागे वळून एकदा काकूंकडे पाहिलं, आणि हात तसाच वर धरला. मग एकेक करून सगळ्यांचे वर आले. काकूंचाही आला, सगळ्यात शेवटी.

हॉल पडला. बांधकाम होईपर्यंत बसायला शाळेतला एक वर्ग मिळणार होता. तो मिळाला, पण दुसऱ्या मजल्यावर. ज्यांच्या गुडघ्यांत आधीच पावलोपावली कळा, त्या बायका दोनचार वेळा धापा टाकत चढल्या आणि मग येईनाशा झाल्या. तिने वर्ग खाली मिळावा म्हणून खटपट केली. शाळेने दाद दिली नाही. ‘काही दिवसांचाच प्रश्न आहे’ असं तिने सगळ्यांना सांगितलं. तेव्हा तिला तसंच वाटत होतं.

पण कामाचं घोडं पाया खणतानाच अडलं. तलावाची यंत्रं ठेवायला तळघर खणलं, तर त्यात जमिनीतलं पाणी भरलं. उपसलं की पुन्हा भरे. कामावरचा इंजिनियर प्रत्येक अडचणीवर ‘होऊन जाईल’ म्हणायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नावच होऊनजाईल पडलं होतं. त्याचेही नाकी नऊ आले. ठेकेदार मध्येच सोडून गेला. पत्र्याच्या कुंपणाआड तो खड्डा पहिलं वर्ष तसाच राहिला आणि दुसरंही.

शेवटी तोडगा निघाला तो साहेबांच्या बैठकीत. होऊनजाईलने नकाशा उघडला. “तळघर बुजवून टाकू. पंप आणि गाळणीची यंत्रं वर घेऊ, या उजवीकडच्या खोलीत. पाइपही जवळ पडतील. बायकांना वर पहिल्या मजल्यावर काहीतरी देऊ. होऊन जाईल.”

साहेबांनी विचारलं, “कोणाची हरकत?”

हरकत विचारायची, थोडं थांबायचं, कोणी बोललं नाही तर पुढे जायचं, ही पद्धत ऑफिसात तिनेच घालून दिली होती. पूर्वी बैठका लांबत, एकाच पाइपावर अख्खी सकाळ जाई. आता साहेब थांबले. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. दुसऱ्या कुठल्या वस्तीची खोली असती, तर ती टेबलावर हात आपटून उठली असती. पूर्वी उठलीही होती. पण ही खोली तिच्या आईची होती. ताई घरच्यांसाठी भांडतात, असं कोणाला वाटेल, या विचाराने ती उठली नाही. नंतर एकट्या साहेबांना सांगू, असं तिने मनाशी ठरवलं.

“मग पुढे,” साहेब म्हणाले.

आज-उद्या करत महिन्याभराने तिने सांगितलंही. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला बसवून घेतलं, पाणी दिलं. “पण ताई, पाइप टाकून झाले हो,” ते म्हणाले. “तुम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं.” ते खरंच होतं.

आईला तिने यातलं काही कळू दिलं नाही. आईनेही तिला बरंच काही कळू दिलं नव्हतं, हे तिला फार उशिरा समजलं. एक दिवस ती न कळवता वस्तीत गेली, तर आई पत्र्याच्या कुंपणाला टेकून स्टुलावर एकटीच बसलेली. मांडीवर रिकामी पिशवी. समोरून एक शेजारीण गेली. तिने मान वळवली नाही. आईने मात्र तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं.

ती तडक पोस्टातल्या काकूंकडे गेली. काकू दारातच उभ्या राहिल्या, आत ये म्हणाल्या नाहीत.

“तुझी आई बोलली नाही ना काही? नाहीच बोलणार ती. आम्ही सगळ्यांनी तिच्याशी बोलणं टाकलंय. तिच्या हाताकडे बघून आम्ही हात वर केले. बसायची जागा गेली, चारचौघी भेटायच्या त्या गेल्या. दोघी तर अंथरूण धरून मेल्या, कोणाला पत्तासुद्धा नाही.”

“काकू, आईचा काय दोष? मी सांगितलं होतं तिला.”

“माहितीये. म्हणून तर तुला दारात उभं केलंय.”

त्याच आठवड्यात ती आईला आपल्या घरी घेऊन आली. शिवणयंत्रही आणलं. आईने ते उघडलं नाही. दिवसभर ती बाल्कनीत बसून खालच्या गाड्या बघायची. आधी बोलणं कमी झालं, मग नावं विसरायला लागली, मग कुठे आहोत तेही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि दारापर्यंत सोडायला येताना म्हणाले, “यांना बोलायला माणसं हवीत हो. त्यांच्या वयाची, ओळखीची.” तिने मान हलवली. घरी येऊन न्हाणीघराचं दार लावलं, नळ सोडला आणि पोटभर रडली. एका जागेपायी आपण आईची सगळी माणसं तोडली, हे त्या दिवशी तिने पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

एकच आशा उरली होती. इमारत पूर्ण होईल, आईला तिथे घेऊन जाऊ, सगळ्याजणी दिसतील, कदाचित काहीतरी परत जागेवर येईल. आशा वेडी होती, पण तिने ती सोडली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी तिने आईला चांगली साडी नेसवली आणि हाताला धरून नेलं. इमारत सुंदर झाली होती, हे मान्य करायलाच हवं. निळं पाणी, लाकडी फरशीचा चकचकीत हॉल, वर जायला रुंद जिना. पहिल्या मजल्यावरची खोली आधी नाव नोंदवलं तरच मिळणार होती, आणि लिफ्ट पुढच्या टप्प्यात. दारातून आत शिरताच आई उजव्या हाताला वळली. कशी वळली कोण जाणे. समोर लोखंडी दार. त्यावर ‘प्रवेश बंद’. आत यंत्रं घरघरत होती. आईने दारावर तळवा टेकला आणि तशीच उभी राहिली. “गरम आहे,” एवढंच म्हणाली.

गर्दीतून पोस्टातल्या काकू आल्या. आता काठी टेकत चालत होत्या. आईसमोर थांबल्या, चेहरा जवळ आणून म्हणाल्या, “ओळखलंस का गं?”

आईने त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं आणि अदबीने थोडी बाजूला सरकली. त्यांना दार उघडायचं असेल असं तिला वाटलं असावं. काहीतरी सांगायचं ठरवून आल्या होत्या काकू. ते राहूनच गेलं.

तेवढ्यात त्या दाराशेजारीच मांडलेल्या व्यासपीठावर साहेब माइकसमोर आले. भाषण छोटं केलं, ठेकेदारांचे आभार मानले, आणि हसत हसत विचारलं, “तर मग मंडळी, आवडलं का आपलं नवं सभागृह? कोणाकोणाला आवडलं?”

लोक सवयीने एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

आईने हात वर केला.

लोखंडी दाराशी उभ्या असलेल्या त्या म्हातारीचा हात आधी पुढच्यांनी पाहिला, मग मागच्यांनी. एक हात वर आला, चार आले, मग सगळा हॉल हातांनी भरून गेला. फोटोवाला धावत पुढे आला. साहेबांनी व्यासपीठावरून ताईंकडे बघून समाधानाने मान हलवली.

टाळ्या झाल्या. हात खाली गेले. लोक चहाकडे वळले. आईचा हात वरच होता.

“आई, झालं. खाली घे.”

आईने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी चुकेल अशी धास्ती तिच्या डोळ्यांत होती. हात तिने आणखी ताठ केला.

काकू काठीवर भार टाकून बघत होत्या. आवाज पहिल्यासारखाच तुटक. “तू नको सांगूस तिला,” त्या म्हणाल्या. “तुझं ऐकूनच वर केलाय तिनं.”

मग काकूंनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी आईचा हात धरला आणि हळूहळू खाली आणला. ती बाजूला उभी राहून बघत राहिली.