टोपलीवरचा गोल

चौदा मे. मुडलीच्या कंदांचं बियाणं कुणाला किती द्यायचं, हे दुसऱ्या दिवशी महिला गटाच्या बैठकीत ठरायचं होतं, म्हणून मी टोपल्यांची यादी संगणकावर चढवत होते. गावी, गुंदला परतण्याआधी वीस वर्षं मी प्रोग्रॅम लिहूनच पोट भरलं.

बियाणं सांभाळणारी काकी फोनवर सांगत होती, "गोल सात, गोल आठ, गोल नऊ..." आमच्याकडे बियाण्याच्या टोपलीवर चुन्यानं आधी गोल काढतात, मग क्रमांक. गोल दिसला की त्यातलं शिजवायचं नाही. गोलाच्या जागी मी शून्य टाकत गेले.

यादी निघाली. आठ दोनदा, नऊ दोनदा, शेवटी दहा. अकरा-बारा गायब.

रामनगरचा एक व्यापारी महिनाभर काकीकडे चकरा मारत होता. दोन टोपल्या विकून तिनं आठ-नऊ दोनदा सांगितले, असं मी धरलं. गटातल्या दोघींना सांगूनही टाकलं. मग स्कूटर काढली.

"काकी, अकरा-बारा विकल्यास?"

"माळ्यावर चढ आणि बघ. मी लिवायला सांगत हुते तवा झोपली हुतीस व्हय?"

बाराही टोपल्या गवताखाली होत्या. मी खाली उतरले तेव्हा ती म्हणाली, "उद्या सगळं घिऊन जा. संशेव घेणाऱ्यांचं बियाणं मी न्हाई राखत."

घरी येऊन प्रोग्रॅम उघडला. मी वापरलेली भाषा जुनी. आकड्यापुढं शून्य दिसलं की ती दहाऐवजी आठाच्या पटीनं मोजते: ०१० म्हणजे आठ, ०११ म्हणजे नऊ, ०१२ म्हणजे दहा. ०८ आणि ०९ त्या मोजणीत बसत नाहीत, तर त्यांना मुकाट्यानं साधे आठ-नऊ धरते. विचारत नाही, अडवत नाही. दोन जातींचे आकडे एकाच वेशात फिरू देणाऱ्या भाषेवर भरवसा ठेवू नये. आठाच्या मोजणीला स्वतःचं ठळक अक्षर हवं, आणि नुसतं शून्य पुढं आलं तर भाषेनं तिथंच थांबावं. शिवाय टोपलीचा क्रमांक हा आकडा नव्हेच, ते नाव. नाव अवतरणचिन्हांत लिहायचं, हे मी वीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आले. भाषेवर संशय घ्यायचा सोडून मी काकीवर घेतला.

सकाळी बैठकीआधी त्या दोघींना घेऊन मी काकीच्या दारात गेले आणि त्यांच्यासमोर चूक माझी म्हणून सांगितलं.

"तुज्या यंत्राला चुना दिसत न्हाई?" काकी म्हणाली आणि आत गेली. बसा म्हणाली नाही.

बियाणं न्यायला सांगितलं होतं, म्हणून मी माळ्याला शिडी लावली.

"ऱ्हाऊ दे वरच," आतून आवाज आला. "कंद आपटशील."

मी शिडी काढून भिंतीला टेकवली.